भरल्या घराची उंची

उताणेरावांचा चेहरा मी सरळ पाहिला तो त्यांची ओळख होऊन बराच काळ लोटल्यावर. तोवर माझ्या ओळखीचे होते ते त्यांचे बूट. ट्रेलरच्या खालून दोन तळवे बाहेर आलेले, एकाची टाच झिजलेली, दुसऱ्याच्या नाडीला गाठ मारलेली. कुणी हाक मारली की खालून "हं" यायचं. त्या एका "हं"वरून त्यांचं आज बरं चाललंय की बिनसलंय हे ओळखायला मी शिकले होते.

आमच्या यार्डात प्रवासी ट्रेलर येतात. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची घरं. आत बिछाना, ओटा, बेसिन, न्हाणी, सगळं काडेपेटीत बसवल्यासारखं. त्यांच्या गाद्या, उशा आणि पडदे शिवणं हे माझं काम, म्हणून मी गादीवाली. ट्रेलरच्या पोटाखालच्या टाक्या, पाइप आणि चाकं हे उताणेरावांचं. दिवसभर पाठीवर पडून काम, म्हणून ते उताणेराव. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, आणि त्यांनी त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही. मला मात्र कुणी गादीवाली म्हटलं की पहिली काही वर्षं माझ्या कपाळाची शीर उडायची. पण मी आहेच तापट. दोरा तुटला तरी मला मशीनचा राग येत नाही, तो दोरा करणाऱ्याचा येतो.

ट्रेलर घ्यायला येणारी माणसं आत शिरतात, गादीवर बसून उसळून पाहतात, कपाटं उघडतात आणि खिडकीतून बाहेर बघत खूश होतात. वाकून खाली कुणी पाहत नाही. आणि घराची सगळी गोम तर तिथेच असते. चांगल्या पाण्याची एक टाकी, ओट्याच्या सांडपाण्याची दुसरी, आणि तिसरी जिचं नाव घेताना गिऱ्हाईक आवाज खाली आणतं. पाणी वरून खालीच जाणार, म्हणून पाइप टाक्यांच्याही खाली. म्हणजे घरातली सगळ्यात नाजूक वस्तू रस्त्याच्या सगळ्यात जवळ लटकत असते. रस्त्यात उंचवटा आला की पुढची गाडी चढून जाते, चाकंही चढतात, आणि मग मागचं धूड खाली झुकून पाइपाचा कोपरा दगडावर आपटतो. पुढे काय होतं ते सांगत बसत नाही. असा ट्रेलर यार्डात आला की आम्ही सगळे वाऱ्याची दिशा बघून चहाला बसायचो, आणि उताणेराव फळी सरकवत खाली शिरायचे.

पाइप आणि जमीन यांच्यामधल्या अंतराला मालक ग्राउंड क्लिअरन्स म्हणायचा. उताणेराव म्हणायचे, पोटाखालची जागा. ती मोजायची त्यांची एक काठी होती, खाचा केलेली, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. आणि त्यांचा एक नियम होता: रिकामा ट्रेलर मोजायचा नाही. रिकामा असताना तो ऐटीत उभा असतो. टाक्या भरल्या, कपाटात भांडी आली, आत माणूस वावरायला लागला, की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबतात आणि पोट खाली येतं. मग कागदावरची उंची कागदावरच राहते. म्हणून ते आधी टाक्या गळ्यापर्यंत भरायचे, आणि मग त्यांना वर चालायला कुणीतरी हवं असायचं. माणूस चालला की पाइपांचे जोड बोलतात, असं त्यांचं म्हणणं. कुठला क्लॅम्प सैल आहे, कुठला जोड पाझरतो, हे पावलांखालीच कळतं.

वर मी असायचेच, गाद्या बसवत. मग खालून आवाज यायचा, "बाई, जरा संसार करा."

म्हणजे दारातून आत यायचं. ओट्यापाशी जायचं, नळ सोडायचा, पेला भरायचा, ओतायचा. न्हाणीत जायचं, तिथलं पाणी सोडायचं. मग बिछान्यावर जाऊन बसायचं, उठायचं, परत दाराशी. खाली उताणेराव बॅटरी धरून पाइपाकडे पाहत पडलेले असायचे. सगळं ठीक असलं की ते पान्याने चासीच्या लोखंडी सांगाड्यावर दोनदा ठोकायचे. मग मी खाली उतरायचे.

यार्डातल्या मंडळींना एवढं पुरेसं होतं. गादीवाली वर, उताणेराव खाली, आणि संसार जोरात, अशी आमची थट्टा चालायची. थट्टा करणाऱ्या एकाच्या खुर्चीच्या उशीत मी एकदा टाचणी ठेवली होती. पण खरं सांगायचं तर मला त्या थट्टेचा फारसा राग यायचा नाही. मी लग्न केलं नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारायला गेले नाही, एवढीच त्याची गोष्ट. माझी खोली यार्डाच्या मागच्या रस्त्याला आहे. तिथे मी चालते तेव्हा खाली कुणीही ऐकत नसतं. लोकांच्या ट्रेलरात लोकांच्या पेल्यात पाणी भरताना मात्र मला कधीकधी बरं वाटायचं, आणि ते दोन ठोके पडले की त्याहून बरं.

उताणेरावांना बायको होती, पण जवळ नव्हती. बाजारामागे एका दुकानाच्या माळ्यावर त्यांची भाड्याची खोली होती. तिथली स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोरची भिंत हाताला लागायची. बायकोची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा बायको भावाकडे गेली, चार दिवस म्हणून. त्या चार दिवसांची वर्षं झाली. आईला उचलायचं, बसवायचं, कूस बदलायची, परत निजवायचं. मग आई गेली. उताणेरावांना वाटलं, आता ही येईल. ती आली नाही. फोनवर म्हणाली, त्या भिंतीकडे बघत मला परत भाकऱ्या थापायच्या नाहीत. उताणेराव म्हणाले, मग मी घरच घेऊन येतो. त्यावर ती हसली. बऱ्याच वर्षांनी हसली, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. आणि हसून म्हणाली, "दारापर्यंत आणा. येते."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते खालून, तुकड्यातुकड्यांनी, मी वर उशांना खोळी घालत असताना. समोरासमोर त्यांच्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही. मध्ये लाकडाची जमीन असली की मात्र बोलायचे. मलाही ते सोयीचं होतं. ऐकताना तोंड कसं करावं हा प्रश्न मला नेहमी पडतो.

यार्डाच्या भिंतीशी एक जुना ट्रेलर पडून होता. त्याचं पोट खरवडून निघालेलं, पाइपांचा चक्काचूर. मालक म्हणाला, तुम्हाला हवा तर न्या, माझी जागा तरी मोकळी होईल. तेव्हापासून काम सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी उताणेराव त्याच्याखाली. त्यांचा सगळा जीव त्यात अडकला होता. हे घर मेहुण्याच्या दारात जाऊन उभं राहिलं की बायको येणार, नाही तर नाही, इतका सरळ हिशेब होता.

अडचण वाटेची होती. मेहुण्याचं घर डांबरी रस्त्यापासून आत. आधी कच्ची वाट, मग गोट्यांनी भरलेला ओढा, आणि ऐन फाटकासमोर खडकाचा एक उंचवटा. साधा ट्रेलर तिथे गेला असता तर पोट फाडूनच परत आला असता. उताणेरावांनी ती वाट आधीच मोजून ठेवली होती. कधी, तर सासू गेली तेव्हा. घरात माणसं जमलेली, आणि हे काठी घेऊन ओढ्यात. बायकोने फाटकातून पाहिलं म्हणे, आणि काही न बोलता आत गेली. हे ऐकून मी वर कपाळावर हात मारून घेतला. खाली त्यांना ते दिसलं नसणार.

पण काम मात्र असं केलं की मालकसुद्धा वाकून पाहायला आला. चाकांचा एक्सल पाट्यांच्या वर होता, तो पाट्यांच्या खाली घेतला, की सगळं घर हातभर वर. पाइप वर उचलले तर त्यांचा ढाळ जातो आणि पाणी तुंबतं, म्हणून एका लांब पाइपाऐवजी दोन आखूड पाइप केले, त्यांना दोन वेगळी तोंडं दिली, आणि ते चासीच्या दोन तुळयांच्या मधोमध लपवले. वर पत्र्याचं कवच. मला ते फार समजायचं नाही, पण ते सांगताना त्यांचा आवाज जाड व्हायचा, हे समजायचं.

गाद्या मी करणार होते. बायकोला कुठला रंग आवडतो, असं मी विचारलं. म्हणाले, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मळखाऊ. इतक्या वर्षांच्या नवऱ्याला बायकोचा रंग फोन करून विचारावा लागतो आणि बायको मळखाऊ म्हणते, या दोघांचं काय करावं ते मला कळेना. मी विटकरी कापड घेतलं आणि कडेला हिरवा गोट मारला. मळही खाईल आणि डोळ्यालाही काही मिळेल.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी टाक्या भरल्या आणि मला बोलावलं. "बाई, संसार करा," म्हणाले. मग जरा थांबून, "पण तिच्यासारखा. ती डावा पाय किंचित ओढते. आणि हळू. गुडघे दुखतात म्हणते फोनवर, तेल लाव म्हटलंय."

चढायला मला खोकं लागलं. दाराखाली पायरी नव्हती. मला वाटलं, काम चालू आहे, शेवटी बसवतील. माझ्या ढांगा लांब, मी वर गेले. मग डावा पाय ओढत, हळूहळू, कधी न पाहिलेल्या बाईसारखी दारापासून ओट्याशी गेले. नळ सोडला. न्हाणीत गेले. विटकरी गादीवर बसले. ठोके यायला त्या दिवशी उशीर लागला. मी खिडकीतून यार्डाच्या भिंतीकडे बघत बसून राहिले आणि मला त्या बाईचा थोडा हेवा वाटला.

ट्रेलर ओढून न्यायला यार्डातला जीपवाला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परत आली. मागे ट्रेलर, आणि पुढे जीपवाल्याच्या शेजारी उताणेराव. उतरून ते कुणाकडे न बघता सरळ ट्रेलरखाली गेले. जीपवाल्याचं तोंड एरवी चाक फिरतं तोवर चालू असतं. त्या दिवशी त्याला चहा दिला तरी तो पेल्यातच बघत राहिला. मग हळूहळू सांगितलं.

ओढ्यातून घर पार झालं. एकाही गोट्याने पत्र्याला स्पर्श केला नाही. फाटकासमोरच्या खडकावर उताणेराव स्वतः रस्त्यात आडवे पडले, खडक आणि पाइप यांच्यामध्ये तळहात घालून दाखवला, आणि पोरासारखे हसले. घर दारात जाऊन उभं राहिलं. बायको बाहेर आली, चांगले कपडे घालून, हातात भरलेली पिशवी. येणार म्हणजे येणारच होती ती. ट्रेलरच्या दाराशी आली आणि उंबऱ्याकडे पाहत राहिली. उंबरा तिच्या कमरेला. उताणेरावांनी खोकं आणून ठेवलं. तिने एक पाय वर ठेवला, चौकटीला धरलं, जोर केला. गुडघा उठेना. परत केला. आईला उचलून उचलून तिचे गुडघे गेलेले. मेहुणा म्हणाला, त्यात काय, आपण दोघं दोन्हीकडून उचलून आत ठेवू. उताणेराव पुढे झाले.

बायको मागे सरकली. जीपवाला म्हणाला, आवाज चढवला नाही तिने, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आईला उचलायचे तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. मला कुणी उचलायचं नाही."

मग ती वाकून ट्रेलरच्या खाली बघू लागली. बराच वेळ पाहिलं म्हणे. आणि नवऱ्याला विचारलं, "हे घर माझ्यासाठी उचललंत की पाइपांसाठी?"

पिशवी घेतली आणि आत गेली.

मी पेला आपटला आणि ट्रेलरपाशी गेले. बूट होते तिथेच. मी विचारलं, पायरी कुठे आहे. खालून आवाज आला, काढली. प्रत्येक ट्रेलरच्या दाराखाली दुमडायची लोखंडी पायरी असतेच. त्याच्याही होती. का काढली, मी विचारलं.

"पाइप वर घेतल्यावर सगळ्यात खाली तीच उरली होती. खडकाला लागली असती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, अहो, बायको काय टाकीच्या तोंडातून आत येणार होती का? इतकी वर्षं लोकांची घरं भरून मोजलीत, आणि स्वतःच्या घरात येणारं माणूस कुठून येतं एवढंही डोक्यात आलं नाही? गुडघे दुखतात म्हणून ती फोनवर सांगत होती ना? तिला तेल लावायला सांगितलंत ना? आणखी बरंच बोलले. खालून "हं"सुद्धा आलं नाही. बूट हलत नव्हते. मग मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला, आणि शेवटी काय करावं ते न कळून मी कपडे सावरले आणि जमिनीवर उताणी पडून सरकत आत गेले.

इतकी वर्षं मी वर चालले होते, खाली कधी गेले नव्हते. अंधार असेल, घाण असेल असं वाटलं होतं. पण तुळयांमध्ये पाइप असे सरळ बसवले होते की जणू कुणी शिवण घातली आहे. प्रत्येक क्लॅम्पाखाली रबराची पट्टी कापून घातलेली, पाइप घासू नये म्हणून. जोड पुसून काढलेले. एवढ्या निगुतीने मी गिऱ्हाइकांच्या गाद्याही शिवत नाही. उताणेराव माझ्याकडे न बघता वर बघत होते आणि त्यांच्या डोळ्यातून कानाकडे ओघळ गेलेला होता.

"तिला हे बघून बरं वाटेल असं वाटलं होतं," ते म्हणाले.

"इथे कुणी राहायला येत नाही, उताणेराव," मी म्हटलं. मला ते हळू बोलायचं होतं, पण माझा आवाजच तसा नाही.

पुढचा काही काळ ते कुणाशीच बोलले नाहीत. माझ्याशीही कामापुरतं. मग एका सुट्टीच्या दिवशी मी यार्डात आले तर त्यांनी ट्रेलर लोखंडी घोड्यांवर टेकवून उचलला होता आणि एक्सल परत पहिल्या जागी घेत होते. घर खाली आलं. लोखंडी पायरी त्यांनी परत बसवली, तिच्याखाली आणखी एक बुटकी पायरी जोडली, आणि दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी धरायला मुठी लावल्या. मी कुणी न सांगताच गाद्यांचा फोम कापला, माझ्या दोन्ही गुडघ्यांना करकचून बांधला, म्हणजे गुडघा वळूच नये, आणि तशी दाराशी जाऊन उभी राहिले. बाजूने जाणारा जीपवाला हसता हसता थांबला. पहिल्यांदा मी मुठीला लटकले. त्यांनी मूठ खाली घेतली. परत चढले. परत घेतली. शेवटी मी कुणाचाही हात न धरता वर गेले आणि दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी खरा पाहिला तो तेव्हा. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते म्हातारे होते.

"चढेल," मी म्हटलं.

"पण आता ओढ्यात पोट लागेल," ते म्हणाले. काठी हातात होती, पण त्यांनी ती खाली घातली नाही. मोजायचं काही नव्हतं. उंच ठेवलं तर तिच्यापर्यंत पोचतं आणि तिला चढता येत नाही. खाली घेतलं तर तिला चढता येतं आणि तिच्यापर्यंत पोचत नाही. ते पायरीवर बसून राहिले.

मी म्हटलं, मग डांबरी रस्त्यावरच थांबवा. कच्ची वाट सुरू होते तिथे. पुढे तुम्ही चालत जा. तुमच्या पायांना तर पाइप नाहीत ना?

"ती दारापर्यंत आणा म्हणाली होती."

"मग जाऊन सांगा, की इथवरच आणता आलं."

ते त्यांना पटायला बरेच दिवस लागले. मालकाला काम सोडतो म्हणाले तेव्हा मालकाने त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, मग हात टेकले. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी टाक्या भरल्या. मी काही न विचारता दाराशी गेले.

"बाई, संसार करा."

"तिच्यासारखा?" मी विचारलं.

"नको. तुमच्यासारखा करा."

मी दोन पायऱ्या चढून आत गेले. ओट्याशी गेले, नळ सोडला, पेला भरला. तो ओतला नाही, प्यायले. न्हाणीत गेले. गादीवर बसले. हिरव्या गोटाचा एक टाका सुटला होता, त्याचा दोरा दातांनी तोडला. खालून दोन ठोके आले. मी लगेच उठले नाही. खालून फळी सरकत बाहेर गेली. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी उतरले.

जीपवाला त्यांना वाटेच्या तोंडाशी सोडून आला. त्यानंतर किती तरी दिवस काही कळलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, पण विचारणार कुणाला? आणि मग एका दुपारी त्यांचा फोन आला. फोनवर ते माझ्याशीही बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. समोर चेहरा नसला की त्यांचं जमतंच म्हणा.

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी ते चालत मेहुण्याकडे गेले आणि बायकोला म्हणाले, रस्त्यापर्यंतच आणता आलं, पायरी बसवली आहे. तिने चहा दिला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ते परत रस्त्यावर येऊन ट्रेलरात राहिले. मेहुणा येताजाता डोकावायचा, ती यायची नाही. मग एकदा दुपारी ते ट्रेलरखाली पडून पाइपाचं तोंड आवळत होते, तर डांबरावर काठी टेकल्याचा आवाज आला. मग पायरी वाजली. एक, आणि दुसरी.

"तिने हाक नाही मारली?" मी विचारलं.

"नाही. चढली आपली आपण. मग चालली. डावा पाय ओढत. ओट्यापाशी गेली. नळ सोडला. न्हाणी बघितली. गादीवर बसली."

"आणि तुम्ही?"

"खालीच."

माझा संताप वर आला होता, पण मी तो गिळला. "मग?"

"दोनदा ठोकलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, खाली कुणी राहतं का?"

ते हसत होते, की आणखी काही, मला नीट कळलं नाही. एखाद्या दिवशी ती संध्याकाळी परत भावाकडे जाते, म्हणाले, एखाद्या दिवशी नाही जात. आणि रंग आवडला तिला. मळखाऊ आहे, म्हणाली. मी म्हटलं, हिरवा गोट पाहिला का. ते म्हणाले, विचारून सांगतो. मग फोन ठेवला. मला फार आनंद झाला, आणि त्यातलाच एक भाग आनंद नव्हता, हेही सांगून टाकते.

त्यांच्या जागी आता नवा माणूस आहे. कामाला चांगला आहे, त्याला नावं ठेवता येत नाहीत, मी प्रयत्न केला. तो ट्रेलर यंत्रावर उचलतो आणि उभ्याने काम करतो. मोजतो रिकामाच. टाक्या भरल्यावर किती दबेल ते त्याला फोनवर कळतं, आकडा टाकला की उत्तर येतं. वर कुणी चालायची त्याला गरज पडत नाही. मी एकदा विचारलं, चालू का. तो म्हणाला, कशाला?

गाद्या बसवून झाल्या आणि आजूबाजूला कुणी नसलं की मी दारापर्यंत जाते आणि परत आत येते. ओट्यापाशी जाऊन नळ सोडते. टाकी रिकामी असते, नळातून नुसती हवा येते. न्हाणीत डोकावते. बिछान्यावर बसते. थोडा वेळ तशीच बसते, पाय न हलवता. मग कात्री, टाचण्या आणि उरलेलं कापड गोळा करते आणि खाली उतरते.